लसणाच्या वासाचा दगड

फार फार पूर्वी, म्हणजे वर्षं मोजायला बसाल तर बोटं झिजतील इतक्या पूर्वी, एका डोंगरावर एक गाव होतं. तिथल्या काळ्या खडकातून पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरा गेल्या होत्या आणि त्या गारेत सोन्याचे कण असत. माणसं गार फोडत, कुटत आणि लाकडी काथवटीत धूत. माती वाहून जाई, जड सोनं तळाला राही.

गावाची एक रीत होती. दगड फोडला की आधी हुंगायचा. लसणाचा वास आला, तर तो डोंगराचा वाटा. खड्ड्यात पुरून टाकायचा. का, ते सांगायचं मात्र वाडवडिलांकडून राहूनच गेलं. इथंच घात झाला बघा!

पुढे चांगल्या शिरा संपल्या. एकेक घर डोंगर उतरू लागलं. मागे उरलेल्यांत एक सटवाजी होता. त्याची बायको भागू म्हणाली, "अहो, आपणही जाऊ. माझ्या भावाच्या गावात भाताची कामं आहेत."

"आणि हे घर? बापानं बांधलंय. मी नाही सोडायचा!"

त्यानं पुरलेले दगड उकरून काढले. करडे, चकचकीत. आत सोनं होतं, पण कितीही कुटलं तरी सुटेना.

"भाजले की सुटेल," तो म्हणाला.

"वाडवडील काय खुळे होते, पुरून टाकायला?"

"त्यांना सुचलं नाही. तू भाता धर."

त्यानं घरातच भट्टी पेटवली, भागूनं भाता धरला. पांढरा धूर उठला, लसणाची फोडणी करपावी तसा वास घरभर झाला. भाजलेले दगड कुटून धुतले, तर काथवटीत खरंच सोनं! सटवाजी हरखला. भागूला मात्र ठसका लागला, पोटात कळा येऊ लागल्या.

"धुरानं होतंय. जरा वारा घे," तो म्हणाला, आणि पुन्हा भाता तिच्याच हाती दिला. अरे बाबा, बघ तरी तिच्याकडे! पण नाही बघितलं त्यानं.

त्या धुरात विष होतं. आधी गोठ्यातली म्हैस मेली. मग भागू गेली.

घर त्याला खायला उठलं. शेवटी तोही डोंगर उतरला आणि मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"या दाजी, या! ताई मागं राहिली का?"

सटवाजीनं कनवटीची सोन्याची गोळी मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"मीच तिला भाता धरायला लावला रे," तो म्हणाला.

वाडवडिलांनी टाकलेलं उचलण्याआधी, त्यांनी ते का टाकलं याचा शोध घ्यावा.