पंगतीतली गोळी

एका पेठेच्या गावी एकदा एक डाळीचे व्यापारी राहत होते. नाव रेवणसिद्ध, पण सारी पेठ त्यांना रेवणशेट म्हणे. पन्नाशी उलटली तरी तुरीचे पोते हमालाच्या आधी आपणच पाठीवर घ्यायचे, अशी त्यांची ख्याती आणि तितकाच त्या ख्यातीचा अभिमान. शेजारच्या दुकानातील चनबसप्पांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांचे ‘गोळीशेट’ असे बारसे रेवणशेटनीच केले होते. ते नाव पेठेत असे रुळले, की नवी गिऱ्हाइके चनबसप्पांचे आडनावच गोळीशेट समजू लागली.

पुढे काय झाले असेल, हे सुज्ञांना सांगायला नको. मान दुखते म्हणून रेवणशेट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोनतीनदा बोलावून रक्तदाब मोजला आणि म्हणाले, “शेट, गोळी सुरू करावी लागेल. रोज सकाळी एक. चुकवायची नाही.”

रेवणशेट घरी आले ते पाय आपटत. अंगणात उभे राहून त्यांनी गोळ्यांचे पाकीट केराच्या टोपलीत भिरकावले आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असे गरजले, “माझ्यासारख्याला गोळ्या? डॉक्टरलाच कुणाला तरी दाखवा म्हणावं!”

गर्जना झाली खरी, पण रात्रभर झोप लागेना. दुसऱ्याच दिवशी ते शेजारच्या गावी गेले, तसलेच पाकीट घेऊन आले आणि कोपरीच्या आतल्या खिशात दडवले. रोज सकाळी तोंड धुण्याच्या निमित्ताने ते परसात जात, भिंतीकडे तोंड करीत आणि चोरून गूळ खाणाऱ्या मुलाप्रमाणे गोळी गिळून टाकीत.

काही दिवसांतच शेटना चक्कर येऊ लागली. बसल्या जागेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई, हात खांब शोधू लागे. एकदा तर भर दुपारी तराजूसमोर उभे असता ते तुरीच्या पोत्यावरच पसरले. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले पित्त. शेटनी मनाशी निदान केले, की रक्तदाब फारच वाढला आहे. डॉक्टरांकडे जावे तर पेठ बघणार. म्हणून चक्कर आली की ते कोपऱ्यात जाऊन आणखी अर्धी गोळी घेऊ लागले.

श्रावण लागला. प्रथेप्रमाणे रेवणशेटनी मल्लय्या गुरुजींना जेवायला बोलावले. गुरुजी जंगम घराण्यातले, वयोवृद्ध. गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर मुले शिकवली होती आणि रेवणशेटही त्यांच्याच हाताखालून गेलेले. पेठेतले चारदोन व्यापारी, त्यांत चनबसप्पाही, पंगतीला होते. गुरुजी जरा लवकरच आले. पाय धुवायला परसात गेले, तो त्यांना भिंतीकडे तोंड करून उभा असलेला आपला विद्यार्थी दिसला. त्याने काहीतरी तोंडात टाकले आणि पाकीट कोपरीत दडवले. गुरुजी पाय धुऊन पाटावर येऊन बसले.

पाने वाढून झाली. आता गुरुजी घास उचलणार, तोच ते ताडकन उभे राहिले. त्यांनी खिशातून एक गोळी काढली, सर्वांना दिसेल अशी वर धरली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, “निलांबिका, पाणी आण गं. माझी रक्तदाबाची गोळी राहिलीय.”

कुणीतरी चाचरत विचारले, “गुरुजी, तुम्हाला रक्तदाब? तुम्ही तर कधी चिडत नाही!”

“चिडत नाही म्हणून काय नसा म्हाताऱ्या व्हायच्या राहतात?” गुरुजी म्हणाले. रेवणशेटची पत्नी निलांबिका तांब्या घेऊन आली. परंतु गुरुजी गोळी हातात धरून तसेच उभे. “पंगतीत एकट्याने आधी तोंडात टाकू नये, असं मीच तुम्हाला शिकवलंय. कुणाची राहिली असेल तर सोबत घेऊ. मी थांबतो.”

भात निवू लागला. शेवटी चनबसप्पांनी टोपीच्या घडीतून एक गोळी काढली. “माझं तर नावच आहे, मी कशाला लाजू?” मग तेलाच्या व्यापाऱ्याने पानाच्या चंचीतून काढली. सुपारीवाल्याने चष्म्याच्या घरातून काढली. रेवणशेट थक्क होऊन पाहत होते. ज्या पेठेला आपण इतके भ्यालो, ती सगळी पेठ खिशात गोळी घेऊन हिंडत होती! त्यांचा हात नकळत कोपरीच्या आत गेला आणि पाकीट बाहेर आले. “सकाळची मी घेतली, गुरुजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण चक्कर येतेय, म्हणून ही अर्धी...”

निलांबिकेच्या हातून तांब्या खाली पडला.

“अहो, ही कुठली? तुम्ही तर गोळ्या फेकून दिल्या होत्यात! मी डॉक्टरांकडून दुसऱ्या आणून रोज ताकात विरघळवून देते!”

स्वयंपाकघराच्या दारातून शेटच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, डोके बाहेर काढले. “अगं बाई! तू ताकात? मग मी शेंगाच्या चटणीत कुटून घालते ती?”

“तुला कुठनं मिळाली?” शेट ओरडले.

“केरातलं पाकीट कुणी उचललं मग? आणि चटणी कडू लागतेय म्हणून माझ्यावरच डाफरत होतास!”

चनबसप्पांना इतके हसू आले, की त्यांची स्वतःची गोळी घशात अडकता अडकता राहिली. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी जागेवरूनच म्हटले, “रेवण, ती अर्धी खाली ठेव. आणि आधी डॉक्टर.”

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो फारच उतरला होता. त्यांनी तिघांनाही समोर उभे करून खडसावले. दोन दिवस नजरेखाली ठेवून मग ठरवून दिले, की इतकीच गोळी, या वेळेला, एकाच माणसाच्या हातून. आपल्या मनाने वाढवायची नाही आणि बरे वाटले म्हणून सोडायचीही नाही.

शेट घरी आल्यावर गुरुजी भेटायला आले. शेटनी हात जोडले. “गुरुजी, तुम्हाला हे सारं कसं कळलं?”

“मला काय कळणार? तू चोरून गिळतोस, एवढंच दिसलं. ताकाचं आणि चटणीचं ठाऊक असतं, तर मी तुझ्याकडे जेवायलाच बसलो नसतो!” मग ते म्हणाले, “रोग काही कुणाला विचारून येत नाही, रेवण. त्यात तुझा अपराध नव्हता. पण तू लपवलंस, म्हणून यांनाही लपवावं लागलं. तिघांनाही तुझा जीव हवा होता आणि तिघांनी मिळून तो जवळजवळ घालवला होता. औषध चांगलं होतं, माया खरी होती. मध्ये एक शब्द बोलायचा राहिला, एवढंच. कसली रे एवढी लाज?”

रेवणशेट म्हणाले, “लाज वरवरची होती, गुरुजी. आमचे वडील याच वयात गेले, दुकानात, उभ्या उभ्या. बोललो तर ते खरं होईल असं वाटायचं.”

दाराशी उभी असलेली निलांबिका हळूच येऊन त्यांच्याजवळ बसली. “मलाही तीच भीती होती,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुमच्या ध्यानातच नाही.”

औषध नेमाने घ्यावे, हे डॉक्टर सांगतातच. ते आपल्या माणसांच्या देखत घ्यावे, हे सांगायला मात्र कधी कधी गुरुजींना भरल्या पानावरून उठावे लागते.