टिकलीएवढे भुंगेरे

रानाच्या कडेला, अगदी शेवटच्या खोपटात बुधी राहायची, आई आणि तान्ह्या भावाबरोबर. आठ दिवस झड लागली होती. लाकडं ओलीचिंब, चूल थंडगार, आणि बाळ्या गारठून नुसता कुडकुडत होता.

"बुधे, कुठं सुकं लाकूड मिळतंय का बघ गं," आई म्हणाली. "आणि चुलीत घालण्याआधी..."

"आपटून घ्यायचं! आत कुणाचं तरी घर असतं," बुधीने पाठ केलेलं म्हणून टाकलं आणि ती पळाली.

एका कपारीत तिला कोरडा ओंडका सापडला. त्यावर केशरी, पिवळी, मोतिया काठांची भूछत्रं फुलली होती. बुधीने ओंडका आपटला. टपटप, टपटप! भूछत्रांतून इवलेइवले भुंगेरे खाली पडले. काळे कुळकुळीत, पाठीवर लाल ठिपके. पाय वर, पोट वर. एकही हलेना.

"अगं बाई, मारले मी!" बुधी ढसाढसा रडू लागली.

तेवढ्यात सगळ्यात मोठं भूछत्र चमचमलं आणि त्याखालून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिच्या झग्यावरून सोनेरी धूळ सांडत होती.

"रडू नकोस, सोनुले. भूछत्रं कुरतडणारी ही माझीच लेकरं. एक इच्छा माग. पण एकच हं, आणि मागून बदलायची नाही."

'बाळ्याला ऊब दे' हे बुधीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. फार वाईट वाटलं तिला. पण मारलं तिनेच होतं ना!

"यांना जिवंत कर," ती म्हणाली.

परी खुदकन हसली. "श्श! जरा गप्प उभी राहा."

बुधीने श्वास रोखला. एक चिमुकला पाय हलला. मग एक मिशी. मग अख्खी पलटण उठून तुरुतुरु चालू लागली!

"लबाड कुठले! घाबरले की मेल्याचं सोंग घेतात," परी म्हणाली. "मी काहीच केलं नाही. तुझी इच्छा शिल्लकच आहे की!"

"मग आमच्या बाळ्याला ऊब दे!" बुधी एका दमात म्हणाली.

परीने ओंडक्याला बोट लावलं. सगळी भूछत्रं अलगद सुटून भुंगेऱ्यांसकट कपारीत जाऊन बसली. लख्ख सोनेरी उजेड पडला आणि त्यात परी विरून गेली.

त्या एका ओंडक्यावर पेटलेली चूल झड संपेपर्यंत विझली नाही. बाळ्या आईच्या मांडीवर पाय उडवत हसू लागला.

अजूनही वाटेत पाय वर करून पडलेला किडा दिसला, की बुधी दोन पावलं मागे सरते आणि हळूच म्हणते, "ऊठ रे बाबा, मी गेले हं!"