वस्तादाचा खुराक

फार लांब, डोंगराच्या पायथ्याशी पैलवानांचं एक गाव होतं. तिथलं दूध, तूप, बदाम, मटण सगळं तालमीत जायचं. त्याला खुराक म्हणत. भाकरी, डाळ, पालेभाजी, परसातली लिंबं-पेरू बायकांच्या वाट्याला. "पाला शेळ्यांनी खावा," असं वस्ताद सांगायचा.

वस्तादाच्या तोंडात एकही दात नव्हता. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या पैलवानांची तीच गत. पण या शहाण्यांनी त्याचाही मान करून ठेवला होता. खऱ्या पैलवानाचेच दात पडतात म्हणे!

एका तरुण पैलवानाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गुडघे ठणकायचे, खरचटलेलं भरून येईना. जत्रेतली मोठी कुस्ती दोन महिन्यांवर आलेली. तो घाबरून वस्तादाकडे गेला.

"रक्त येतंय? शाब्बास रे वाघा!" वस्ताद खूश. "आता तू आमच्यातला झालास. दूध वाढव."

"वस्ताद, पायरी चढवत नाही."

"मग तूपही वाढव."

पैलवान घरी आला. आई उंबऱ्यात बसून दातांनी ऊस सोलत होती. म्हातारी बाई, पण बत्तिशी शाबूत. उठताना मात्र तिनं भिंत धरली. कंबर पार वाकलेली.

त्यानं आधी तिचे दात बघितले, मग तिची कंबर.

"आये, तू दूध शेवटचं कधी प्यालीस?"

"लग्नाआधी. इथं कोण देतंय?"

त्यानं आपला दुधाचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि तिचं ताट ओढून घेतलं. भाकरी, डाळ, चुक्याची भाजी, लिंबाची फोड.

"अरे, वस्ताद मारतील!"

"मारू देत. आधी जेवू."

तेव्हापासून दोघांच्या ताटात सगळंच थोडंथोडं यायला लागलं. काही आठवड्यांनी त्याच्या हिरड्या सुधारल्या, गुडघे वळायला लागले.

वस्तादाला कळलं. तो काठी घेऊन दारात आला. "तालमीचं दूध बाईला? माफी माग, नाहीतर तालीम बंद!"

"माफी मागितली तर परत तेच खावं लागेल," पैलवान म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मग त्याच्याशी सरावाला कुणी येईना. तो एकटाच नदीकाठी जोर-बैठका काढायचा.

जत्रेत वस्तादानं त्याच्यासमोर आपला सगळ्यात दांडगा पठ्ठ्या उभा केला. पठ्ठ्यानं सुरुवातीला त्याला चांगलंच रेटलं. पण थोड्या वेळानं पठ्ठ्याचेच गुडघे लटपटले, तोंडातून रक्त आलं. पैलवानानं त्याला अलगद खाली घेतलं आणि चीत केलं.

"नशीब! निव्वळ नशीब!" वस्ताद बोंबलत राहिला.

पठ्ठ्यानं तोंड पुसलं. हळूच विचारलं, "तुमच्याकडे आज भाजी कसली आहे?"

"ये जेवायला. येताना तुझ्या आईलाही आण. तिनं दूध प्यायलेलं नसेल."

तात्पर्य घ्यायचं तर एवढंच: धान्य, डाळ, भाजी, फळ, दूध सगळ्यांच्या ताटात सगळं हवं, आणि काय खावं हे मोठे सांगतात तेव्हा आधी त्यांची तब्येत बघावी.