कासाराची सून आणि लाकडी कांड्या

फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक बाजारपेठेचं गाव होतं, आणि त्या गावात बांगड्या भरणारा एक कासार राहत होता. त्याची ही गोष्ट. लग्न झालेल्यांनी ऐकावी, होणाऱ्यांनीही ऐकावी. लाजण्यासारखं तिच्यात काही नाही.

कासाराच्या हाताला नाव होतं. कसलाही राठ हात असो, तो दाबून दाबून मऊ करायचा, अंगठा आत वळवायचा आणि म्हणायचा, "हात ढिला सोड, ताई. आवळलास तर काच लागेल." बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असायची. त्या गावात घट्ट बांगडीला मान. सैल दिसली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

त्याचं लग्न झालं. बायकोही कासाराचीच लेक, जाणती, हसरी. पण नवरा जवळ आला की तिला मायांगात सुरी फिरल्यासारखं दुखायचं. अंग आपोआप आवळून यायचं. ती भिंतीकडे तोंड करायची.

"काय झालं?" तो विचारी.

"काही नाही," ती म्हणे.

या 'काही नाही'तच संशयानं घर केलं.

तो तिच्याकडे चोरून बघू लागला. पाण्याला जायला वेळ लागला की वाटेकडे बघायचा. सासूला सगळं कळत होतं. ती एकदा म्हणाली, "माहेरी कुणीतरी असणार. हात दुसऱ्याच्या नावाचा असला की आपली बांगडी चढत नाही, बाळा."

सून दुपारची कुठंतरी जाऊन यायची. आली की आतल्या खोलीचं दार लावायची. सासू तेलाचं भांडं हलवून बघायची. "दिवा लावायच्या आधीच तेल जातं कुठं? आपण का पितो?" शेजारीण भिंतीपलीकडून खोकायची, म्हणजे तीही ऐकत होती.

शेवटी सासूनं सांगून टाकलं, "पुढच्या बाजारापर्यंत बघ. नाहीतर तिला माहेरी पोचव आणि मोकळा हो."

बाजाराचा दिवस उजाडला. सून पाण्याला गेली होती. सासूनं कणगीमागून फडक्याची पुरचुंडी ओढून काढली. आत लाकडाच्या कांड्या निघाल्या, घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत. एक करंगळीएवढी बारीक, पुढची तिच्याहून जाड, त्यापुढची आणखी जाड. प्रत्येकीला मागे मूठ.

"करणी," सासू म्हणाली. "एकेक कांडी घरातल्या एकेका माणसाची. ही बारकी तुझी. बघ कसा वाळत चाललायस." आणि तिनं बारकी कांडी चुलीत टाकली. कासार बघत उभा राहिला. त्यानं आईचा हात धरला नाही.

तेवढ्यात सून दारात आली. तिनं घागर खाली ठेवली आणि चुलीकडे पाहिलं.

"जाळायचीच होती तर जाडी जाळायची होती, आत्याबाई," ती म्हणाली. "ही एवढीच मला जमायला लागली होती."

तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, कांड्या सुइणीनं दिल्याचंही. पण संशय एवढ्यानं जात नाही. रचून सांगितलेलं कशावरून नसेल? म्हणून तो तडक गावच्या म्हाताऱ्या सुइणीकडे गेला. ती ओट्यावर डाळ निवडत होती.

"कांड्या मीच दिल्या," सुईण म्हणाली. "आधी तपासलं तिला. आत जखम नाही, गाठ नाही. दुखेल या भीतीनं अंग आवळतं, आवळलं की दुखतं, दुखलं की भीती वाढते. हे चाक तिचं तिनंच उलटं फिरवायचं. कांडी गरम पाण्यानं धुवायची, तेल लावायचं, श्वास सोडत सोडत अलगद आत घ्यायची. बोचलं की थांबायचं. एक सहज जायला लागली की मगच पुढची."

"मग बरं का वाटलं नाही अजून?"

"कासाराची लेक ना ती. पहिल्या दिवशी घट्ट तीच खरी म्हणून मधली उचलली, आणि रडत आली माझ्याकडे. तिला म्हटलं, बाई, इथं मान घट्टपणाला नाही. सगळ्यात बारकीपासून आरंभ कर." सुइणीनं त्याच्याकडे बघितलं. "तू दुकानात काय म्हणतोस रे बायकांना?"

"हात ढिला सोड म्हणतो."

"आणि घरी?"

कासार उठला आणि लाकडाचं कातकाम करणाऱ्या कातार्‍याकडे गेला. दुकानात चार माणसं बसलेली. करंगळीएवढी गुळगुळीत कांडी हवी म्हटल्यावर सगळ्यांच्या माना वळल्या.

"लाटणं म्हणावं तर बारीक," कातारी डोळे बारीक करून म्हणाला. "आणि मागं मूठ? कशाला हवी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण कासार म्हणाला, "माझ्या बायकोला दुखतं. तिच्या औषधाला हवी."

कुणी हसलं नाही. कातार्‍यानं लाकूड निवडलं, कातलं, पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं. माणसं उठून गेली तेव्हा हळूच म्हणाला, "एक माझ्याही घरी ठेवतो. आम्ही इतके दिवस माझ्या बायकोला हट्टी समजत होतो."

घरी येऊन कासारानं सुइणीचं बोलणं आईच्या कानावर घातलं आणि नवी कांडी बायकोच्या हातात दिली. कधी, किती, कुठवर, काही विचारलं नाही. ती थांब म्हणाली की तो थांबायचा. दुपारी दार लागलं की सासू अंगणात जाऊन बसायची, आणि तेलाचं भांडं आपणच भरून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "दिव्याला लागतं."

बरेच दिवस गेले. बारकी सहज जाऊ लागली, मग तिच्यापुढची, मग तिच्याही पुढची. एका संध्याकाळी तिनंच नवऱ्याला हाक मारली. ती भिंतीकडे वळली नाही.

कासार पुढेही बांगड्या भरतच राहिला. पण हात आवळणाऱ्या बाईला तो एक माप मोठी बांगडी काढून द्यायचा आणि म्हणायचा, "आज ही घाल, ताई. घाई कुणाला आहे?"

बोध: दुखतं म्हणणाऱ्याच्या मनातला चोर शोधू नये, आधी विश्वास द्यावा, मग वेळ द्यावा.