एका ठोक्याची म्हातारी

फार पूर्वी, राजेरजवाड्यांच्या काळात, दूरच्या थंड मुलखातल्या एका ख्रिस्ती गावात एक घंटावाला होता. गावात कुणी गेलं की चर्चच्या मनोऱ्यावर चढून घंटा वाजवायची आणि खाली उतरून कबर खणायची, ही दोन्ही कामं त्याचीच. माणूस जितक्या वर्षांचा, तितके ठोके. ते ऐकून गावकरी हातातलं काम ठेवत आणि गेलेल्यासाठी प्रार्थना करत. या प्रार्थनांच्या बळावरच आत्म्याची पुढची वाट सरते, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या साली तापाची साथ आली आणि माणसं मरायची काही थांबेनात. घंटावाल्याचे हात सोलवटले, खांदे भरून आले. दारात कुणी येऊन उभं राहिलं की बिचाऱ्याला रडू यायचं, पण ते मेलेल्यासाठी नव्हे, मनोऱ्याच्या पायऱ्यांसाठी.

अशात एका सकाळी चर्चच्या ओसरीत राहणारी म्हातारी गेली. तिला ना मूल ना बाळ. तिचं वयही कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाचीही अंत्ययात्रा निघाली की मेणबत्ती घेऊन मागून चालायचं, एवढाच तिचा नेम. साथीत सख्खी माणसं दारं लावून बसली, तेव्हा तर तिच्याशिवाय मागे कुणीच नसायचं.

पाद्रीबाबांनी अंदाजाने ठोके द्यायला सांगितलं. घंटावाला कसाबसा वर चढला, दोर ओढून एक ठोका दिला आणि तिथेच बसला.

"हिच्यामागे रडायला कोण बसलंय," असं पुटपुटत त्याने दोर सोडून दिला.

खाली आला तर फाटकात एक विणकरीण उभी. एकच ठोका ऐकून तिला वाटलं होतं, कुणाचं तरी तान्हं गेलं. तान्ह्याला उघडं कसं पुरायचं, म्हणून भीती गिळून ती हातभर कफन घेऊन आली होती. आत पुरण्यासाठी फळीवर ठेवलेली म्हातारी तिला दिसली. तिने ते कापड म्हातारीच्या अंगावर घातलं. ते छातीच्या खाली पोचेना.

"माझ्या नवऱ्यामागे हीच चालली होती. मी दार लावून घेतलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या बायकोमागे कोण होतं, बाबा?"

घंटावाल्याच्या बायकोची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तो इथे तिचीच कबर खणत होता. तिच्यामागून ही एकटीच चालत आली होती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो पुन्हा पायऱ्या चढला. वरच्या खिडकीतून सगळ्या कबरी दिसत. एकेका कबरीकडे बघत त्याने एकेक ठोका द्यायला सुरुवात केली.

गावात लोक मोजू लागले. साठ झाले, ऐंशी झाले, शंभर उलटले तरी घंटा थांबेना. इतकं जगलंय तरी कोण? घंटावाला भ्रमिष्ट झाला की काय, असं म्हणत दारं उघडली आणि एकेक जण चर्चच्या आवारात आला.

घंटावाला उतरल्यावर पाद्रीबाबांनी विचारलं, "अरे, हिचं वय इतकं कसं?"

"वय नाही ठाऊक, फादर," तो म्हणाला. "जितक्यांच्या मागे ती चालली, तितके ठोके दिले. शेवटचा माझ्या बायकोचा."

विणकरणीने मेणबत्ती पेटवली, आणि कित्येक आठवड्यांनी एका फळीमागे अख्खं गाव चाललं.

कबर मात्र अजून खणायची होती. घंटावाल्याने फावडं उचललं, तर कुणीतरी ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं.

तात्पर्य: थकवा कुणालाही येतो, पण ज्याचं कुणी नाही, त्याच्यावर तो काढू नये.