जानाईच्या हाताखालचा सौदा

कवठेमाळच्या माळावर पौषात जनावरांचा बाजार भरतो. इतर बाजारांत सौदा उपरण्याखाली होतो. दोन हात कापडात शिरतात, बोटे दाबली जातात आणि भाव ठरतो. इथे उपरणे खांद्यावरच राहते. व्यापारी जानाईदेवीच्या देवळाच्या पायरीशी येतात आणि भाव मोठ्याने बोलतात. नवख्याला नवल वाटते. मग देवळाचे वृद्ध पुजारी मल्हारी गुरव त्याला सावलीत बसवून कारण सांगतात.

असे सांगतात की, पूर्वी इथे घोंगडी विणणाऱ्या सणगरांची मोठी पेठ होती. गाव जागे होई ते मागांच्या आवाजाने. इथले घोंगडे पाठीवर असले की मेंढपाळ पावसाची पर्वा करीत नसे. त्या पेठेत सगुणा नावाची सणगरीण राहत असे. लोकर घेण्यासाठी तिचा नवरा राणू याने हेमाजी सावकाराकडून कर्ज काढले. मध्यस्थ होता येसू दलाल. त्या काळी व्याजाचा दरही उपरण्याखालीच ठरे. गरिबाची अब्रू चारचौघांत उघडी पडू नये, एवढाच त्या कापडाचा हेतू. येसूने राणूचे एक बोट दाबले; म्हणजे रुपयामागे महिन्याला एक पैसा. रोख्यावर मात्र तीन पैसे लिहिले गेले. राणूला अक्षरओळख नव्हती. त्याने अंगठा उठवला.

मुदत भरली तेव्हा फुगलेल्या व्याजापोटी सावकाराने माग मागितला. माग गेला की पेठ सुटणार, हे सगुणेला ठाऊक होते. देवळात पंच बसले. आपण तीन बोटे दाबली, असे येसूने शपथेवर सांगितले. हेमाजीने हात झटकले. बोली दलालाची, आपण केवळ पैसे दिले. कापडाखालचे कोणी पाहिले होते?

सगुणा खांबाआड उभी होती. जानाईच्या मूर्तीचा उजवा हात पुढे पसरलेला आहे, तळवा वर. त्या हाताकडे ती म्हणे बराच वेळ पाहत राहिली. मग पदर सावरून पुढे आली.

"येसूभावजी, ह्यांच्या हातात जे दाबलंत, तेच आईच्या हातात दाबा. उपरणं मी धरते. कोणी बघायचं नाही."

मंडळी हसली. येसूही हसला. "एवढंच ना, वहिनी?" म्हणत त्याने कापडाखाली हात घातला.

तो हात तिथेच राहिला. कोणी म्हणतात, देवीने मूठ मिटली. कोणी म्हणतात, दगड दगडच होता, येसूचीच बोटे हलेनात. गुरव दोन्ही सांगतात आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडतात. ऊन पायरीवरून उतरले. सगुणेचे हात भरून आले, पण तिने उपरणे खाली केले नाही. अखेर येसू मान खाली घालून बोलला.

"एकच बोट होतं. वरच्या दोन पैशांत शेटजींबरोबर माझी पाती होती."

येसूचा हात सुटला. सगुणा सावकाराकडे वळली. "शेटजी, आता तुम्ही या."

हेमाजी उठला, परंतु देवीकडे गेला नाही. त्याने घाईने रोखा काढला आणि फाडू लागला. तिनेच त्याला अडवले.

"फाडू नका. घेतलंय ते फेडू. ठरल्या पैशानं."

त्याप्रमाणे तिने आणि राणूने फेडलेही. ज्या कापडाने गरिबाची लाज झाकायची, त्याने लबाडी झाकली, म्हणून जानाईच्या नजरेसमोर पुन्हा कापड पसरायचे नाही, असा नेम गावाने घेतला.

इथवर आले की गुरवांचा आवाज हळू होतो. पेठ आता उरली नाही. सणगरांची नातवंडे शहरात गेली, आणि पहाट मुकी झाली. नेम तेवढा राहिला. अलीकडे बाजारात झटपट कर्ज देणारे एजंट मोठ्या छत्रीखाली बसतात. व्याज विचारले की गोड बोलतात आणि मोबाइल पुढे करून अंगठा मागतात. गावच्या म्हाताऱ्या त्यांना सांगतात, "लेकरा, तोच दर आईच्या हातात हात ठेवून मोठ्यानं बोल." ते हसून मान डोलावतात. मात्र त्यांच्यापैकी एकही जण आजही ती पायरी चढलेला नाही.