भुरूचा चौथा डोळा

एका कार्तिकात मी नेम धरला होता. भिंतीवर बसलेल्या जिवाला हुसकवायचं नाही. तेव्हा भेटला हा भुरू. ऐका हं!

भुरू म्हणजे इवलासा पतंग. चार पंख. पंखापंखावर एक काळा डोळा. खोटा खोटा! पण पाल त्याला भ्यायची.

एकदा छोट्या रेणूनं पंखाला बोट लावलं. टिप्! एक डोळा पुसला.

पाल म्हणाली, "चुक चुक! तीनच डोळे? दिवेलागणीला चौथ्या बाजूनं येते. गट्टम करते!"

"ये तर खरी! मी डोळा आणतोच."

निघाला भुरू. फुर्र फुर्र!

"डबीताई, काजळ दे ना! डोळा मिळेना!"

"मी रिकामी. दिवा लागू दे, मग देते."

फुर्र फुर्र!

"दिवेदादा, लाग ना! डोळा मिळेना, डबी भरेना!"

"वात कुठाय? कापसाचं बोंड फुटू दे, मग लागतो."

फुर्र फुर्र!

"बोंडूताई, फूट ना! डोळा मिळेना, डबी भरेना, दिवा लागेना!"

"गारठले रे! ऊन पडू दे, मग फुटते."

फुर्र फुर्र!

"सूर्यनारायणा, या ना! डोळा मिळेना, डबी भरेना, दिवा लागेना, बोंड फुटेना!"

"अंगावर ढगाची गोधडी. वारा वाहू दे, मग येतो."

फुर्र फुर्र!

"वारेमामा, उठा ना! डोळा मिळेना, डबी भरेना, दिवा लागेना, बोंड फुटेना, ऊन पडेना!"

"घुर्रर्र... सगळ्यांना मीच वारा घालतो. मला कोण घालतं? कुणी घातला, तर उठतो."

"मी घालतो!"

"तू? एवढुसा?"

"हो, मीच!"

फड फड फड! पंख दुखले. फड फड फड! भुरू थांबलाच नाही.

वारेमामाला झाल्या गुदगुल्या. "हीहीही! उठलो रे, उठलो!"

वारा वाहिला, सूं सूं. ढग सरला. ऊन पडलं. बोंड फुटलं, फट्! रेणूच्या आईनं वात वळली. दिवा लागला. आईनं वर ताटली धरली. काजळ जमलं. डबी भरली.

आई रेणूच्या गालाला तीट लावत होती. भुरू समोर बसला, पंख पसरून.

"अगं बाई! यालाही तीट हवी वाटतं!"

आईनं काडीनं हळूच ठिपका दिला. टिप्!

पाल आली. चौथ्या बाजूनं. चुक चु... डोळा! काळाभोर!

"अगं आई गं!" पाल पळाली. सुर्रर्र!

भुरू निवांत बसला.

तुमच्याही भिंतीवर असं कुणी बसेल, बाळांनो. बोट मागे घ्या. लांबून बघा. एवढा नेम तुम्हीही धराल ना?